दोन कागदांवरचं एकच वाक्य

आमचा दूध प्लान्ट विकला गेल्याची बातमी मला पहिल्यांदा टेम्पोवाल्याने दिली. सकाळचे कॅन उतरवता उतरवता तो म्हणाला, "मॅडम, तुमची लॅब बंद व्हनार हाय म्हनं. नवा मालक निस्तं दूध गार करून टँकरनं पुढं धाडनार हाय."

मी हसले. लॅबशिवाय दूध घेणार कसं, असं मला वाटलं. पण आठ दिवसांत मॅनेजरसाहेबांनी आम्हा लॅबमधल्या दोघींना बोलावून तेच सांगितलं. तपासणी पुढच्या मोठ्या प्लान्टवर होईल, इथे तुमची गरज राहणार नाही, तीन महिन्यांत दुसरीकडे बघा. साहेब वाईट माणूस नव्हते. बोलताना ते टेबलावरची काच पुसत होते.

पारनेरपासून थोडं आत, नगरच्या रस्त्याला आमचा प्लान्ट होता. लॅबमध्ये आम्ही दोघीच. मी बी.एस्सी. झाल्यावर लगेच लागले होते, तेव्हा ताई तिथे आधीपासून होती. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. नगरला राहायची आणि रोज एस.टी.ने यायची. कॉलेजात मी केमिस्ट्री शिकले होते, पण दुधाला हात लावायला शिकवलं ते तिने. फॅटचं प्रमाण कसं काढायचं, बोटाने चव घेऊन सोडा कसा ओळखायचा, निळी टेस्ट कशी लावायची. या टेस्टमध्ये दुधाच्या नळीत निळा रंग टाकून ती कोमट पाण्यात ठेवतात. दूध चांगलं असेल तर निळेपणा तासन् तास टिकतो, खराब असेल तर बघता बघता उडून जातो. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून तीन नळ्या फुटल्या तेव्हा तिने साहेबांना सांगितलं होतं, "माझ्याच धक्क्याने पडल्या."

माझ्या बाळंतपणात तिने सलग दोन महिने दोघींचं काम एकटीने ओढलं. डब्यातली भाजी आम्ही नेहमी मधोमध ठेवायचो. मला सख्खी बहीण नाही. ती असती तर अशीच असती, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं.

नोकरी शोधायची म्हणजे आधी बायोडाटा हवा. मी नगरला एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्याच्याकडे तयार नमुना होता, त्यात नावं बदलून दिली की काम झालं. वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची, छंद: वाचन व संगीत. खाली एक प्रतिज्ञा, की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. जिल्ह्याचं नाव तेवढं त्याने आठवणीने बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर केलं, आणि त्या नवेपणावर दोघंही समाधानी झालो.

तो कागद मी माझ्या मामेभावाला पाठवला. तो पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात आहे. त्याने संध्याकाळी फोन केला.

"हा लग्नाचा बायोडाटा आहे का गं?"

"का रे दादा?"

"उंची कुणाला हवीय? तू नऊ वर्षं काय केलंस ते यात कुठंच नाही."

"लिहिलंय की. दूध तपासणी."

"ते तर तुझ्या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी केलं असतं. तू होतीस म्हणून काय वेगळं झालं ते लिही. एकच पान. आणि समोरचा माणूस ते अर्ध्या मिनिटात वाचणार आहे, हे लक्षात ठेव."

मी होते म्हणून काय वेगळं झालं, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू होतीस म्हणून आमच्या चहाला चांगलं दूध मिळालं," आणि मुलीला शाळेतून आणायला गेला.

मग मला त्या नासक्या दुधाचे दोन महिने आठवले. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. आमच्या एका रूटचं, म्हणजे टेम्पोच्या एका फेरीतल्या गावांचं, दूध सारखं नासायचं. आठवड्याला दहा-बारा कॅन परत जायचे. शेतकरी म्हणायचे प्लान्टवाले लबाड, प्लान्टवाले म्हणायचे शेतकरी लबाड. साहेब म्हणाले उन्हाळा आहे, चालायचंच. ताईनेही तेच धरलं होतं. मला मात्र चैन पडेना, कारण बाकीच्या रूटवर तोच उन्हाळा होता आणि तिथलं दूध चांगलं येत होतं.

तेव्हा मी पहाटे टेम्पोत बसून त्या रूटवर जायला लागले. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. प्रत्येक गावात कॅनमध्ये ओतायच्या आधीचं दूध बाटलीत घ्यायचे, आणि प्लान्टवर आल्यावर त्याच कॅनमधलं परत घ्यायचे. दोन्हींना निळी टेस्ट. बाटलीतलं दूध निळं राहायचं आणि कॅनमधलं अर्ध्या तासात पांढरं. म्हणजे शेतकऱ्याचं दूध चांगलं होतं, कॅनमध्ये गेल्यावर बिघडत होतं. पण कॅन तर रोज धुतलेले, आतून लख्ख. एके दिवशी मी चिडून झाकणाचा रबरी वायसर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढला. त्याच्या मागे पिवळा, चिकट, आंबलेला थर. वासाने मी झाकण हातभर लांब धरलं. त्या रूटवरचे सगळे कॅन जुने होते, जाड काळ्या वायसरचे, आणि कुणी ते कधी काढून धुतलेच नव्हते. मग मी कॅनवर रंगाने नंबर टाकून घेतले, वायसर काढून सोड्याच्या पाण्यात उकळायचा वार ठरवला, वही ठेवली. त्या रूटचे परत जाणारे कॅन आठवड्याला एक-दोनवर आले. साहेबांनी "छान" म्हटलं आणि विषय संपला. मीही तो संपवून टाकला होता.

हे सगळं एका वाक्यात बसवायला मला चार संध्याकाळी लागल्या. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. "जबाबदारी होती" काढून "शोधून काढलं" घातलं. "प्रयत्न केला" काढून टाकलं. दादा दर वेळी वाचायचा आणि म्हणायचा, अजून एक शब्द कमी कर. शेवटी त्याने लिहिलं, "आता तू दिसायला लागलीस." त्या दिवशी मी तो कागद छापून आणला आणि पुन्हा पुन्हा वाचला. स्वतःबद्दलचं इतकं खरं आणि इतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मी ताईला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "मला नाही गं असं लिहिता येत. माझं तू कर."

मी अगदी आनंदाने केलं. चार दुपारी आम्ही डबा खाऊन झाल्यावर बसलो. मी दादासारखी तिला विचारायची, "तू होतीस म्हणून काय वेगळं झालं?" ती म्हणायची, "काही नाही गं, काम केलं." मग मीच आठवून आठवून काढलं. तिने किती मुलींना काम शिकवलं. फॅटचं मशीन बिघडलं की पुण्याचा माणूस यायच्या आत ती ते कसं लावायची. इतक्या वर्षांत तिची तपासणी एकदाही चुकीची निघाली नव्हती आणि तिने विनाकारण एकही दांडी मारली नव्हती. सगळं खरं होतं. ते लिहिताना मला तिचा अभिमान वाटत होता.

"तुझाही पाठव ना," ती म्हणाली. "मांडणी कशी असते ते बघून राहील माझ्याजवळ."

मी दोन्ही फाईली तिला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. पीडीएफ नाही, साध्या, ज्यात बदल करता येतो अशा. तिला पुढे काही दुरुस्ती करायची झाली तर सोपं पडावं म्हणून.

महिनाभराने जाहिरात आली. श्रीरामपूरकडे, बेलापूरच्या जवळ एका मोठ्या डेअरीला क्वालिटी ऑफिसर हवा होता. जागा एकच. मी ती जाहिरात लगेच ताईला दाखवली.

"दोघी टाकू अर्ज," मी म्हटलं. "जिला मिळेल तिला."

"छे गं. बेलापूर माझं माहेर आहे खरं, पण आता संसार नगरला. पोरीचं दहावीचं वर्ष. मला कुठं जमतंय? तू टाक."

"खरंच नाही टाकत?"

"अगं, तुझ्यापुढे मी काय टाकू? तू टाक बिनधास्त."

मला बोलावणं आलं तेव्हा तिला माझ्याहून जास्त आनंद झाला असं मला वाटलं. तारकपूर स्टँडवरून कुठली गाडी सोयीची, राहुरीला ती किती वेळ थांबते, उतरून रिक्षा कुठं मिळते, सगळं तिने सांगितलं. "निळी साडी नेस. त्यात तू साहेबीण दिसतेस," म्हणाली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने रजा घेतली होती. माहेरी कुणाला तरी बरं नाही, असं सांगून. मी तिला फोन करून विचारलं, कसं आहे आता? ती म्हणाली, "बरं आहे, काळजी करू नको. उद्या नीट बोल."

डेअरी मोठी होती. गेटवर बूट बदलायला लावले. आत तीन माणसं बसली होती. मधले वयस्कर, केस पांढरे, बाजूला एक चष्मेवाले आणि एक तरुण बाई, ती लिहून घेत होती. पहिले दोन-तीन प्रश्न सोपे होते. मग चष्मेवाल्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"हे वायसरचं प्रकरण. हे तुम्ही केलंय?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "हो सर. मी स्वतः."

त्यांनी पांढऱ्या केसांच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फाईलमधून दुसरा कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला.

"काल तुमच्याच प्लान्टच्या एक बाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "त्यांच्याकडेही हेच आहे. शब्द न् शब्द."

मी वाकून पाहिलं. वर ताईचं नाव होतं, नगरचा पत्ता होता. खाली मी लिहिलेल्या तिच्या ओळी होत्या, मुलींना शिकवलेलं, मशीनचं. आणि सगळ्यात वर, पहिल्या जागी, माझं वाक्य. मी इंग्रजीत "रूट" हा शब्द झाडाच्या मुळाच्या स्पेलिंगने लिहिला होता, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. दादाच्याही नजरेतून ते सुटलं होतं. माझ्या कागदावर ती चूक होती आणि तिच्याही कागदावर तीच चूक, त्याच ठिकाणी.

माझ्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. तोंडातून काय निघालं असेल? मी म्हटलं, "सर, हे दोन्ही मीच लिहिलेत."

"दोन्ही म्हणजे?"

"दोन्ही रिझ्युमे. त्यांचाही मीच करून दिला."

चष्मेवाले मागे टेकले. "म्हणजे तुम्ही दुसऱ्यांना असे तयार करून देता?"

"नाही सर, तसं नाही. त्या माझ्या मैत्रीण आहेत. काम मी केलंय, त्यांनी नाही. वह्या आहेत प्लान्टमध्ये, माझ्या अक्षरातल्या."

पांढऱ्या केसांच्या साहेबांनी दोन्ही कागद परत फाईलमध्ये ठेवले. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागलं. "बाई, त्या काल स्वतःहून म्हणाल्या होत्या. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी उद्या येईल, तिनेही कदाचित हेच लिहिलं असेल, तिला दोष देऊ नका, लहान आहे, तिला नोकरीची गरज आहे. असं म्हणाल्या."

तिच्या अनुभवपत्रावर "वरिष्ठ" होतं आणि माझ्या अनुभवपत्रावर "सहायक". तेही त्यांच्यासमोर होतंच.

मी सांगायला लागले. टेम्पो, बर्फाचा डबा, बाटल्या. पण मी मधलं आधी आणि आधीचं नंतर सांगत होते. माझं मलाच ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलं. लिहून घेणाऱ्या बाईने पेन खाली ठेवलं होतं. "आम्ही कळवू," ते म्हणाले. परतीच्या गाडीत राहुरीपर्यंत मी निळ्या साडीचा पदर दातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आली नाही. मी साहेबांची परवानगी घेऊन दुपारीच नगरला तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "ये. मला वाटलंच होतं."

मी उभीच राहिले. ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं. घरात आम्ही दोघीच होतो.

"का केलंस?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाठ ठेवूनच सांगितलं. "माझ्या कागदात काय होतं गं? पोरींना शिकवलं, मशीन लावलं, दांडी मारली नाही. यावर कोण घेतं पंचेचाळिशीच्या बाईला? तुझं ते एक वाक्य वाचलं की माणूस थांबतो. मी स्वतः थांबले होते."

"मग मला सांगायचंस. मी अर्ज केला नसता."

"खरंच केला नसतास?"

आजही मला माहीत नाही.

"तुला कुठंही मिळेल," ती म्हणाली. "तुझं वय आहे. आणि मी नसते तर तुला निळी टेस्ट तरी आली असती का? तू टेम्पोत हिंडत होतीस तेव्हा लॅब कोण सांभाळत होतं? तेवढ्यातला वाटा माझा नाही?"

"वाटा होता," मी म्हटलं. "मागितला असतास तर लिहून दिला असता. दोघींनी मिळून केलं, असं दोन्हीकडे लिहिलं असतं. पण तू त्यांना सांगितलंस की मी तुझं चोरलंय."

चहा गाळताना थोडा ओट्यावर सांडला, तो तिने फडक्याने पुसला. "तसं शब्दात नाही म्हटलं," ती म्हणाली.

"काय म्हटलंस ते मला त्यांनी सांगितलंय. लहान आहे, गरज आहे, दोष देऊ नका."

"तुझ्या भल्यासाठीच म्हटलं. तुला त्यांनी काही वावगं बोलू नये म्हणून."

तिने कप माझ्या हातात दिला आणि मी तो प्यायले. कशी प्यायले कोण जाणे. नऊ वर्षांची सवय. बाहेर आल्यावर त्या चहाचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

नोकरी तिला मिळाली. कळवू म्हणाले होते, पण मला त्यांनी काहीच कळवलं नाही. माझ्या वह्यांबद्दल आमच्या मॅनेजरसाहेबांना विचारायला कुणाचा फोन आला नाही. साहेबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हा बायकांच्या भांडणात मी पडत नाही," आणि पुन्हा काच पुसायला लागले. ताईने राजीनामा दिला, मुलीची दहावी होईपर्यंत तिला नवऱ्याजवळ ठेवलं आणि स्वतः माहेरी राहायला गेली. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या टेबलावर एक पेढा कागदावर ठेवून गेली. मी तो टेम्पोवाल्याला दिला. त्याने विचारलं, "गोडाचं तुमाला चालत न्हाई व्हय?"

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. मी अर्ज करायचे आणि ते वाक्य पाठवताना बोट अडखळायचं. जिल्ह्यात डेअरीवाले एकमेकांना ओळखतात. तिथे चर्चा झाली असेल, की एका बाईने दुसरीचं उचललं. उचलणारी मी नव्हते, पण माझ्याच वाक्याची मला लाज वाटायला लागली होती. शेवटी मी ते काढून टाकलं. दादाला कळल्यावर तो भडकला.

"ते काढलंस तर राहिलं काय? परत घाल."

"नाही घालणार."

"मग निदान कसं केलंस ते लिही. निष्कर्ष कुणीही उचलेल. पहाटे उठून टेम्पोत बसणं नाही उचलता येत."

त्याचं ऐकून मी नव्याने लिहिलं. या वेळी चार ओळी झाल्या, एका वाक्याएवढ्या नेटक्या नाहीत. "रूट"चं स्पेलिंग दुरुस्त केलं.

मला काम मिळालं ते हिवरे बाजारच्या पलीकडच्या एका गावात, तिथल्या दूध उत्पादकांनी मिळून काढलेल्या केंद्रावर. मुलाखत घ्यायला पाच-सहा शेतकरी होते. माझा कागद एकाने उलटा धरला होता. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, आमच्या दुधात खोट निघाली तर आमच्या तोंडावर सांगाल का?" मी म्हटलं, सांगेन. "आन् टँकरवाल्याची खोट आसली तर?" तेही सांगेन म्हटलं. "मग या उद्यापासनं," ते म्हणाले. पद लहान, लॅब म्हणजे एक खोली आणि एक टेबल. पण काम माझ्या ओळखीचं होतं. मी रमले, असं म्हणायला हरकत नाही.

तिथे चार-पाच महिने झाले असतील. दुपारी नळ्या धूत असताना फोन वाजला. ताईचा नंबर मी पुसला नव्हता. उचलला.

"कशी आहेस?" तिने विचारलं.

"बरी आहे."

"ऐक ना." तिचा आवाज बारीक झाला. "इथं दोन गावांचं दूध बिघडतंय. साहेब म्हणतात, तुम्ही तिथं केलंत तसं इथं करा. मी सगळे वायसर बदलून घेतले. काही फरक नाही. ते आता रोज विचारतात. तू नेमकं कसं शोधलं होतंस गं?"

मला आधी काय झालं ते खरं सांगते. मला आनंद झाला. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखा, चांगला वाटणारा, वाईट आनंद.

"तुझ्या रिझ्युमेत आहे की," मी म्हटलं. "वाच ना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

दोन दिवस मी खूश असायला हवं होतं. पण मला सारखी ती दोन गावं दिसत होती. मी न पाहिलेली. तिथेही बायका पहाटे उठून धारा काढत असणार, आणि त्यांचं चांगलं दूध "खराब" म्हणून परत येत असणार. त्यांना लबाड म्हटलं जात असणार. तिसऱ्या दिवशी मी तिला मेसेज लिहिला. कॅनकडे आधी बघू नकोस. दूध कुठपर्यंत चांगलं आहे ते बघ. पहाटेच्या गाडीत स्वतः बस, माणूस पाठवू नकोस. प्रत्येक ठिकाणी ओतायच्या आधीचा नमुना घे आणि ओतल्यानंतरचा घे. दोन आठवडे, एकही दिवस न सोडता.

तिने दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. बाकी काही नाही.

पुढे कधीतरी तिच्या स्टेटसवर फोटो दिसला. तिच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी तेच पांढऱ्या केसांचे साहेब. तिला कारण सापडलं होतं, त्या दोन गावांच्या कूलरच्या पाइपात कुठेतरी होतं म्हणे. फोटोखाली तिने लिहिलं होतं, प्रामाणिक कष्टाचं फळ. मी तो फोटो मोठा करून पाहिला. ती थकलेली दिसत होती, पहाटे उठणाऱ्या माणसासारखी. म्हणजे टेम्पोत ती बसली होती तर. त्या फोटोतलं तेवढं तिचं स्वतःचं होतं, हे मी मान्य करते. पण मला फोन करून "सापडलं" असं एक वाक्य तिला म्हणता आलं नाही. पहिल्या वेळेपेक्षा हे मला जास्त लागलं. त्यानंतर मी तिचा नंबर पुसला.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेने विषय काढला. तिला पारनेरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून अर्ज करायचा आहे. माझ्या घरातली माझी सगळ्यात जवळची बाई आहे ती. भाकरी थापता थापता म्हणाली, "आक्का, तुमचा रिझ्युमे पाठवा की मला. बघून करते."

"जुना फोन बिघडला, त्यात तो गेला," मी म्हटलं.

माझा फोन बदललेला नाही हे तिला माहीत आहे. रोज तोच फोन ती तिच्या मुलीच्या अभ्यासाला घेते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत पिठाकडे पाहिलं.

"असू द्या," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिला विचारायला लागले, शाळेत असताना तू काय काय केलं होतंस, कुठला प्रयोग आवडायचा. ती सांगत होती, पण तुटक तुटक. तव्यावरची भाकरी तिने उलटली आणि मला जरा सरकायला सांगितलं.